मेंदूला सगळं थोडं उशिरा कळतं! बेडकाच्या पायावरून हे सिद्ध करणारे हेल्महोल्ट्झ

रात्री अंधारात पाणी प्यायला उठलात आणि पायाची करंगळी पलंगाला आपटली, असं प्रत्येकाचं कधी ना कधी झालेलं असतं. आधी नुसतं आपटल्याचं कळतं. खरी कळ त्यानंतर येते. मधल्या त्या छोट्याशा फटीत आपल्याला पक्कं ठाऊक असतं की आता जोरात दुखणार आहे, आणि मग ते दुखतंच.

ही फट कुठून येते? आज याचं उत्तर सोपं वाटतं. पायापासून मेंदूपर्यंत संदेश जायला वेळ लागतो, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांना असं वाटत होतं की मनात विचार आला आणि बोट हललं, या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात. मध्ये वेळ जातच असेल, तर तो माणसाला कधीही मोजता येणार नाही.

तो वेळ मोजला एका २८ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने. नाव हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ. त्याच्याकडे होता एक बेडूक, थोडी वीज आणि नोंदी घेणारी बायको. या मोजमापाने वडिलांना धक्का बसला, गुरूला ते पटेना आणि मेंदू वेळेचा हिशेब कसा ठेवतो या अख्ख्या संशोधनाची सुरुवात झाली.

फिजिक्स शिकायचं होतं, पण पैसे नव्हते

हर्मनचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ चा, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम शहरातला. वडील फर्डिनांड तिथल्या शाळेत शिक्षक होते. भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. घरात पुस्तकं भरपूर, पण पैसा बेताचा.

मुलाला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. वडिलांना तो खर्च झेपणारा नव्हता. मग मधला मार्ग निघाला. बर्लिनमध्ये लष्करी डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तिथे शिक्षण फुकट मिळायचं, पण बदल्यात आठ वर्षं सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागायची. १८३८ मध्ये हर्मनने तिथे प्रवेश घेतला. म्हणजे मनात फिजिक्स आणि हातात मेडिकलची पुस्तकं, अशी त्याची सुरुवात झाली.

बर्लिनमध्ये त्याला योहानेस म्युलर हे गुरू भेटले. शरीरशास्त्रात त्या काळी म्युलर यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. सजीवांमध्ये एक खास जीवनशक्ती असते आणि ती भौतिकशास्त्राच्या नियमांत पूर्णपणे बसत नाही, असं ते मानत. मज्जातंतूतून, म्हणजे बोलताना आपण ज्याला नस म्हणतो तिच्यातून, संदेश किती वेगाने जातो हे कधीच मोजता येणार नाही असंही त्यांचं मत होतं. कारण साधं होतं. शरीर केवढंसं आणि वेग अफाट! विजेसारख्या किंवा प्रकाशासारख्या वेगाने जाणारी गोष्ट हातभर अंतरात मोजायची कशी?

म्युलर यांच्या तरुण विद्यार्थ्यांना मात्र ही जीवनशक्ती मान्य नव्हती. हेल्महोल्ट्झ आणि त्यांचा मित्र एमिल द्यु बोआ-रेमों हे त्यातले दोघं. शरीरातही तेच नियम चालतात जे दगडाला, वाफेला आणि विजेला लागू होतात, अशी त्यांची धारणा होती.

१८४७ मध्ये, वयाची २६ वर्षं पूर्ण होण्याआधीच, हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जा अक्षय्यतेवर निबंध वाचला. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, फक्त तिचं रूप बदलतं, हा आज दहावीच्या पोरांना पाठ असलेला नियम. तेव्हा मात्र भौतिकशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकाने तो निबंध छापायला नकार दिला आणि तो वेगळी पुस्तिका म्हणून काढावा लागला.

ज्येष्ठ शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी मध्यस्थी केली आणि हेल्महोल्ट्झ यांची लष्करी नोकरीतून लवकर सुटका झाली. १८४९ मध्ये त्यांचं ओल्गा फॉन फेल्टेन यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचं नाव आहे कॅलिनिनग्राड.

०.८ सेकंदासाठी नोकरी गेली

क्योनिग्सबर्गमध्ये वेळेचं एक जुनं कोडं आधीपासूनच चर्चेत होतं. त्याची सुरुवात मात्र इंग्लंडमध्ये झाली होती.

ग्रिनिचच्या वेधशाळेत डेव्हिड किनेब्रुक नावाचा एक मदतनीस होता. दुर्बिणीत एक बारीक तार लावलेली असायची. तारा त्या तारेला ओलांडून जाताना डोळ्यांनी बघायचा, त्याच वेळी घड्याळाची टिकटिक कानांनी मोजायची आणि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाज बांधून वेळ लिहायची, हे त्याचं काम. त्याच्या नोंदी प्रमुख खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्कलिन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने मागे पडायच्या. मॅस्कलिन यांना हा निष्काळजीपणा वाटला. १७९६ मध्ये किनेब्रुकला घरी पाठवण्यात आलं.

पुढे क्योनिग्सबर्ग वेधशाळेचे प्रमुख फ्रीडरिश बेसेल यांच्या वाचनात ही गोष्ट आली. त्यांना शंका आली. त्यांनी स्वतःच्या नोंदी इतर नामवंत खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कुणाच्याच वेळा जुळेनात. काही जोड्यांमध्ये तर एका सेकंदाहून जास्त फरक निघाला. हे सगळे आपल्या कामात तरबेज होते, त्यामुळे निष्काळजीपणाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक माणूस तोच क्षण आपापल्या वेळेला अनुभवतो, असा याचा अर्थ होता. या फरकाला पुढे व्यक्तिगत समीकरण हे नाव पडलं.

पण हा फरक येतो कुठून? डोळ्यातून, कानातून, नसेतून की विचारातून? बेसेल १८४६ मध्ये वारले तोवर याचं उत्तर मिळालेलं नव्हतं. तीन वर्षांनी त्याच शहरात हेल्महोल्ट्झ आले.

बेडकाचा पाय आणि एक वजाबाकी

प्रयोगासाठी हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि त्याला जोडलेली लांब नस वेगळी काढली. नसेला विजेचा हलका झटका दिला की संदेश स्नायूपर्यंत जातो आणि स्नायू आकसतो. झटका आणि आकसणं यांच्यामधला वेळ मोजायचा होता.

अडचण घड्याळाची होती. सेकंदाचा हजारावा भाग दाखवेल असं घड्याळच नव्हतं. इथे त्यांच्या मदतीला भौतिकशास्त्र आलं. क्लोद पुइये या फ्रेंच शास्त्रज्ञाने काही वर्षांपूर्वीच अगदी छोटा वेळ विजेने मोजण्याची युक्ती मांडली होती. विजेचा प्रवाह थोडाच वेळ सोडला तर गॅल्व्हानोमीटरची सुई तेवढीच हलते. जास्त वेळ सोडला तर जास्त हलते. म्हणजे सुई किती हलली यावरून प्रवाह किती वेळ चालू होता हे काढता येतं.

हेल्महोल्ट्झ यांनी जुळणी अशी केली की नसेला झटका बसताच प्रवाह सुरू व्हावा आणि स्नायू आकसताच तारांचा संपर्क तुटून प्रवाह थांबावा. म्हणजे बेडकाचा स्नायूच हे स्टॉपवॉच बंद करत होता.

पण मोजलेल्या वेळेत स्नायूला आकसायला लागणारा वेळही मिसळलेला होता. तो वेगळा कसा काढायचा? उत्तर होतं साधी वजाबाकी. पहिल्यांदा नसेला स्नायूजवळ झटका द्यायचा. दुसऱ्यांदा स्नायूपासून लांब. दोन्ही वेळा स्नायू तोच, त्यामुळे त्याचा वेळही तेवढाच. फरक उरतो तो फक्त नसेतल्या जास्तीच्या अंतराचा.

प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागायचा आणि एकट्याने सुई बघणं, उपकरण सांभाळणं आणि आकडे लिहिणं जमत नव्हतं. त्या नोंदी ठेवण्याचं काम ओल्गा करत होत्या.

उत्तर आलं. ५० ते ६० मिलिमीटर अंतर कापायला संदेशाला सेकंदाचे साधारण १.४ ते २ हजारांश लागत होते. पुढच्या मोजमापांतून सरासरी वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ९७ किलोमीटर. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बेडकाच्या नसेतला संदेश ध्वनीच्या दहाव्या भागाइतकाही वेगवान नव्हता. जसप्रीत बुमराहचा चेंडू याहून सुसाट जातो!

आणखी एक गोष्ट लक्षात आली. नस थंड केली की संदेश आणखी मंदावायचा. अमूर्त जीवनशक्तीला थंडी वाजण्याचं काही कारण नव्हतं. नसेत जे चाललं होतं ती एक भौतिक प्रक्रिया होती.

गुरूला पटेना, वडिलांना रुचेना

जानेवारी १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी छोटा अहवाल बर्लिनला पाठवला. तिथे गोंधळच उडाला. द्यु बोआ-रेमों यांनी मित्राला कळवलं की लिखाण इतकं क्लिष्ट झालं आहे की कुणालाच नीट समजलेलं नाही. म्युलर यांना शंका होती की स्नायूचा वेळ खरंच वगळला गेला आहे का. हुम्बोल्ट यांनाही सुरुवातीला ते उमगलं नाही. मित्राने मजकूर सोपा केला आणि मग तो पुढे गेला. हुम्बोल्ट यांच्यामार्फत तो पॅरिसच्या अकादमीपर्यंतही पोचला.

हेल्महोल्ट्झ यांनी यातून धडा घेतला. आकडे समजत नसतील तर चित्र दाखवू, असं त्यांनी ठरवलं. काजळी धरलेल्या फिरत्या पृष्ठभागावर स्नायूनेच टोकदार सुईने आपली रेघ ओढावी असं उपकरण त्यांनी बनवलं. जवळच्या झटक्याची एक रेघ, लांबच्या झटक्याची दुसरी. दोन्ही रेघांचा आकार सारखाच, फक्त दुसरी किंचित पुढे सरकलेली. ते सरकणं म्हणजेच संदेशाचा प्रवास. आता हा उशीर कुणालाही डोळ्यांनी बघता येत होता. झटका आणि हालचाल यांच्यामधल्या या अवधीला फ्रेंच अहवालात वाया गेलेला वेळ अशा अर्थाचं नाव मिळालं.

वडिलांना पटवणं मात्र जास्त अवघड होतं. फर्डिनांड यांच्या मते विचार आणि शरीराची हालचाल ही एकच जिवंत क्रिया होती. आधी एक, मग दुसरी, असं त्यात काही नव्हतं. त्यांनी मुलाला लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता की, पुराणकाळात विझून गेलेला तारा आजही दिसतो हे मान्य करणं जितकं कठीण, तितकंच हे मान्य करणंही कठीण.

गंमत अशी की ताऱ्याचं उदाहरण मुलाच्याच बाजूचं होतं. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश खरोखरच खूप उशिरा पोचतो आणि विझलेला ताराही पुढे बराच काळ दिसत राहू शकतो. फर्डिनांड यांना खरी बोचत होती ती दुसरीच गोष्ट. मनालाही वेळेचे नियम लागू असतील तर मन शरीराहून वेगळं, मुक्त आणि वरचढ कसं म्हणायचं?

देवमाशाला शेपटीचं दुखणं कधी कळतं?

डिसेंबर १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी क्योनिग्सबर्गमध्ये एक जाहीर व्याख्यान दिलं. विषय होता, अगदी छोटा वेळ कसा मोजायचा. सामान्य श्रोत्यांना समजावं म्हणून त्यांनी देवमाशाचं उदाहरण घेतलं. एवढ्या मोठ्या प्राण्याच्या शेपटीला जखम झाली तर ती कळायला त्याला साधारण एक सेकंद लागत असेल आणि शेपूट हलवण्याचा हुकूम परत पोचायला आणखी एक. माणसाचं नशीब एवढंच की त्याचं शरीर छोटं आहे.

माणसांवरही त्यांनी प्रयोग केले. कातडीला वेगवेगळ्या ठिकाणी हलका विजेचा झटका द्यायचा आणि तो जाणवताच माणसाने हाताने खूण करायची. झटका मेंदूपासून जितका दूर, तितकं उत्तर उशिरा. त्यातून माणसासाठी सेकंदाला सुमारे ६० मीटर असा वेग निघाला. पण आकडे फार हलत होते. माणसाचं लक्ष कुठे आहे यावरही उत्तर बदलत होतं. नसेतला प्रवास हा एकूण उशिराचा छोटा भाग होता. जास्त वेळ मेंदूतच जात होता.

आता किनेब्रुकच्या कोड्याचा अर्थ लागायला लागला. बघणं, ऐकणं, दोन्हींचा मेळ घालणं आणि मग ठरवणं, या प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि तो माणसागणिक वेगळा असतो.

पुढच्या पिढीने नेमकं हेच पकडलं. नेदरलँड्समधल्या फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी १८६० च्या दशकात वजाबाकीची युक्ती विचारांवर वापरली. साधी खूण करायला लागणारा वेळ आणि दोन पर्यायांतून निवड करून खूण करायला लागणारा वेळ यांतला फरक म्हणजे निवडीचा वेळ. हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली काम केलेल्या विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रसिद्ध प्रयोगशाळा सुरू केली. तिथेही मनाचा वेळ मोजणं हे मोठं काम होतं.

यश मिळत गेलं, घर मात्र कोसळलं

क्योनिग्सबर्गमध्येच हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा बघता येईल असं उपकरण बनवलं. डोळ्यांचे डॉक्टर आजही जो ऑप्थॅल्मोस्कोप वापरतात त्याची ही सुरुवात. त्यामुळे त्यांचं नाव युरोपभर झालं.

पण तिथली थंड हवा ओल्गांना मानवत नव्हती. त्यांची तब्येत ढासळत गेली. १८५५ मध्ये कुटुंब बॉनला गेलं आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला. १८५९ हे वर्ष वाईट ठरलं. आधी वडील गेले आणि डिसेंबरच्या अखेरीस ओल्गा. मागे दोन लहान मुलं होती. मज्जातंतूच्या वेगाचे पहिले आकडे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांचं नाव त्या शोधासोबत क्वचितच घेतलं जातं.

१८६१ मध्ये त्यांनी अ‍ॅना फॉन मोल यांच्याशी लग्न केलं. पुढच्या काही वर्षांत ऐकण्यावर आणि बघण्यावर त्यांचे मोठे ग्रंथ आले. त्यातला एक विचार आजही चर्चेत असतो. डोळे आणि कान मेंदूला तयार चित्र देत नाहीत, अर्धवट खुणा देतात. त्यावरून बाहेर काय चाललं असावं याचा अंदाज मेंदू आपल्या नकळत बांधतो. आपण ज्याला बघणं म्हणतो तो हा अंदाज असतो.

मग आपला आत्ता कधी असतो?

आज हाच विचार वेळेलाही लावला जातो. वेगवेगळ्या नसांचा वेग वेगळा असतो हे आता माहीत आहे. चरबीयुक्त आवरण असलेल्या जाड नसांमधून संदेश सेकंदाला १०० मीटरहूनही वेगाने जाऊ शकतो. ठसठसणारी वेदना नेणाऱ्या बारीक नसांमध्ये हाच वेग सेकंदाला एक-दोन मीटर किंवा त्याहूनही कमी असतो. करंगळी आपटल्यावर आधी धक्का आणि मग कळ, ते यामुळेच.

तरीही नाक आणि पायाचा अंगठा यांना एकदम स्पर्श केला तर आपल्याला तो साधारण एकाच वेळी झाल्यासारखा वाटतो. नाकाचा संदेश तर लवकर पोचलेला असतो. मेंदू मागेपुढे आलेले संदेश जुळवून त्यांचा एक क्षण तयार करतो.

मेंदूत या सगळ्यासाठी एकच घड्याळ नाही. दिवसरात्रीचं चक्र सांभाळायला मेंदूच्या तळाशी सुमारे २० हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. सेकंद आणि त्याहून छोटा वेळ जोखताना मेंदूचे इतर अनेक भाग कामाला लागतात. म्हणून कंटाळवाण्या लेक्चरचा तास संपत नाही आणि रील्स बघताना तास कधी गेला हे कळत नाही.

खेळात तर या उशिरावर नियमच बनला आहे. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत कुणी निघालं तर ती चुकीची सुरुवात धरतात. एवढ्या लवकर आवाज ऐकून कुणी पळू शकत नाही, त्याने आधीच अंदाज घेतला असणार, हे त्यामागचं गणित. ताशी १४० किलोमीटरचा चेंडूही साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. चेंडू पूर्ण बघून मग ठरवायला वेळच नसतो. फलंदाज गोलंदाजाच्या हातावरून पुढचा अंदाज बांधतो.

शेवटचा प्रवास

लहानपणी जे हुकलं ते हेल्महोल्ट्झ यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळालं. १८७१ मध्ये ते बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. मोबाइलच्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट ज्या हर्ट्झमध्ये सांगतात, ते हाइनरिश हर्ट्झ त्यांचेच विद्यार्थी. पुढे जर्मनीत अचूक मोजमापांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हेल्महोल्ट्झ झाले. आज त्याच संस्थेची वारसदार संस्था अणुघड्याळांवर अख्ख्या जर्मनीची अधिकृत वेळ सांभाळते.

१८९३ मध्ये ते विजेवरच्या परिषदेसाठी शिकागोला गेले. परतताना जहाजावर जिन्यावरून पडले आणि त्यातून पूर्ण सावरले नाहीत. पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी लाडका विद्यार्थी हर्ट्झ अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. जुलैमध्ये हेल्महोल्ट्झ यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांची वजाबाकी मात्र आजही रोज होते. घरात कुणाला डायबेटिस असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टर नर्व्ह कंडक्शन टेस्ट करायला सांगतात. त्यात हाताच्या एकाच नसेला आधी मनगटापाशी आणि मग कोपरापाशी विजेचा हलका झटका देतात. दोन्ही वेळांतला फरक काढतात आणि त्या फरकाने मधल्या अंतराला भागतात. निरोगी हातात उत्तर साधारण सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून जास्त येतं. ते बरंच कमी आलं तर नसेला इजा झाल्याचं डॉक्टरांना कळतं, आणि उपचारांची दिशा ठरते.